आयएसओ १४००१ करताय? आधी मीटर वाचा, फाईल नंतर (खानदेशातल्या कारखानदारांसाठी सगळी प्रोसेस, सुरुवातीपासून)

बहुतेक वेळा गोष्ट अशी सुरू होते. पुण्या-मुंबईच्या नाहीतर बाहेरदेशच्या कस्टमरकडून सप्लायर फॉर्म येतो, त्यात एक रकाना असतो 'आयएसओ १४००१ आहे का', आणि इकडे शेठ फोन लावतात, भाऊ आठ दिवसात सर्टिफिकेट पाहिजे, किती लागतील सांग. आठ दिवसात सर्टिफिकेट देणारे लोक आहेतच, व्हॉट्सअपवर रोज मेसेज येतात त्यांचे. कागद मिळतो, ऑफिसात सोफ्याच्या वर फ्रेम लागते, आणि लाईट बिल जिथे होतं तिथेच राहतं. मग हेच शेठ चार लोकांत सांगतात की या पर्यावरणाच्या सिस्टीमचा काही फायदा नसतो, नुसते कागदी घोडे.

त्यांचं चुकत नाही, कारण त्यांनी फक्त कागदच घेतला. पर्यावरण व्यवस्थापन प्रणाली, म्हणजे आपण ज्याला ईएमएस म्हणतो, तिच्यातला पैसा सर्टिफिकेटमध्ये नसतोच, तो असतो त्या आधी जे मोजायला लागतं त्याच्यात. तुमच्या गेटमधून आत काय आलं आणि माल सोडून बाहेर काय गेलं, धूर, भुसा, तेल, गरम हवा, पाणी, लम्स (वितळून वाया गेलेल्या प्लास्टिकचे गोळे), हे सगळं तुम्ही विकत घेतलेलं असतं. पैसे देऊन घेतलं आणि फुकट फेकलं, त्याला आपण प्रदूषण म्हणतो. एवढं एकदा डोक्यात बसलं की पुढचं सोपं आहे.

हे लिहिताना डोळ्यासमोर जळगाव एमआयडीसीतलं चटईचं मध्यम युनिट आणि दाल मिल ठेवलीय, पण जिनिंगवाल्यांना, अवधानच्या एमआयडीसीतल्या युनिटला, नंदुरबारच्या मिरचीवाल्यांना, रावेर-यावलच्या केळी पॅकहाऊस आणि रायपनिंग चेंबरवाल्यांना पण हेच लागू पडतं, फक्त आकडे बदलतात.

आधी थोडक्यात, हे आहे काय

आयएसओ १४००१ हे ईएमएसचं स्टँडर्ड पहिल्यांदा १९९६ ला आलं, मग २००४ आणि २०१५ ला सुधारलं. २०२४ मध्ये हवामान बदलाची एक छोटी पण कामाची भर पडली, तिच्यावर पुढे येतो. स्टँडर्ड तुम्हाला 'धूर इतकाच पाहिजे, पाणी इतकंच पाहिजे' असं सांगत नाही. मर्यादा कायदा सांगतो, एमपीसीबीचं (राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाचं) कन्सेंट, म्हणजे परवानगी, सांगतं. स्टँडर्ड म्हणतं की तुमच्या कामाचा पर्यावरणावर काय परिणाम होतो ते शोधा, कायदा कुठला लागतो ते शोधा, सुधारणा ठरवा, करा, मोजा, चुकलं तर दुरुस्त करा, आणि हे गोल गोल चालू ठेवा.

आणि एक गैरसमज. २०१५ च्या आवृत्तीपासून तो जाडजूड मॅन्युअल ठेवलाच पाहिजे असं राहिलेलं नाही, वेगळा मॅनेजमेंट रिप्रेझेंटेटिव्ह नेमायची सक्ती पण गेली. तरी अजून २००४ ची कॉपी-पेस्ट मॅन्युअल फिरतात, नुसतं कंपनीचं नाव बदलून, आणि कधीकधी ते पण एखाद्या पानावर बदलायचं राहून जातं. कन्सल्टंटने पहिल्याच भेटीत तयार फाईल काढली तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

पहिलं काम: हद्द ठरवा आणि माणूस ठरवा

स्कोप म्हणजे हद्द. फक्त प्लांट घ्यायचा का गोडाऊन पण, बाजूच्या प्लॉटमध्ये भावाच्या नावावर जे ग्राइंडर चालतं ते पण घ्यायचं का. इथे लोक चलाखी करतात, धुळीचं आणि आवाजाचं काम हद्दीबाहेर ठेवतात. असं करू नका, कारण पैसा तिथेच गळतोय आणि ऑडिटरला पण भिंतीपलीकडचा आवाज ऐकू येतोच.

माणूस म्हणजे असा की ज्याला मशीन पण कळतं आणि बिल पण. आपल्याकडे हे काम बऱ्याचदा ऑफिसात नवीन लागलेल्या पोराला देतात कारण त्याला कॉम्प्युटर येतो. त्याला ठेवा टायपिंगला, पण जोडीला मेंटेनन्सचा जुना मिस्तरी पाहिजेच. कुठला व्हॉल्व कधीपासून गळतोय हे त्याला तोंडपाठ असतं, फक्त त्याला आजवर कुणी विचारलेलं नसतं. आणि शेठने स्वतः पहिल्याच मीटिंगला बसायचं, बस. शेठ नाही बसले तर शॉपफ्लोअरवर लगेच सुरू होतं, 'आठे कोन देखस?' (इथे कोण बघतंय?)

पॉलिसी पण याच वेळी लिहून टाका, मराठीत, एका पानात, शेठच्या सहीने. तिच्यात तीन गोष्टी पाहिजेतच: प्रदूषण टाळू, कायदा पाळू, सुधारत राहू. हिंदी किंवा इंग्रजी, कामगारांना जी भाषा समजते, त्यात तिची कॉपी लावा. यापेक्षा जास्त वेळ पॉलिसीवर घालवू नका.

दुसरं काम: एक महिना नुसतं मोजा

सगळ्यात जास्त पैसा या पायरीत निघतो, म्हणून इथे घाई नको. महिनाभर काहीही सुधारायचं नाही, फक्त रोज लिहायचं. साधी शंभर पानी वही चालते. वीज मीटरचं रीडिंग रोज ठरलेल्या वेळेला, शक्य असेल तर शिफ्टप्रमाणे. पाणी, म्हणजे एमआयडीसीचं मीटर, बोअरचं मीटर, टँकर किती आले. कच्चा माल किती आत आला, पक्का माल किती बाहेर गेला. स्क्रॅप मशीनप्रमाणे किलोत. डिझेल, ऑइल, ग्रीस. आणि सगळ्यात शेवटी भागायचं, प्रत्येक गोष्ट एका टन मालामागे किती. एकूण बिल बघून काही कळत नाही, माल जास्त निघाला की बिल जास्त येणारच. टनामागे युनिट किती हा आकडा बघायचा.

आता यातली एक गोष्ट जवळून दाखवतो, कॉम्प्रेसर. चटईच्या युनिटमध्ये, पाइपच्या युनिटमध्ये, दाल मिलच्या सॉर्टेक्सला (खराब दाणा वेगळा काढणाऱ्या मशीनला), सगळीकडे हवा लागते आणि हवा फुकट आहे असं सगळ्यांना वाटतं. जेवणाच्या सुट्टीत सगळी मशिनं बंद करा, फक्त कॉम्प्रेसर चालू ठेवा आणि हातात मोबाईलचं स्टॉपवॉच घेऊन त्याच्याजवळ उभे राहा. कॉम्प्रेसर लोड झाला (हवा भरायला लागला) की सेकंद मोजा, अनलोड झाला (नुसता फिरायला लागला) की परत मोजा, असं सात-आठ वेळा. हवा कोणीच वापरत नाहीये, तरी तो लोड होतोय म्हणजे तेवढी हवा गळतेय. समजा ४० सेकंद लोड आणि ६० सेकंद अनलोड, तर १०० पैकी ४०, म्हणजे तुमच्या कॉम्प्रेसरच्या क्षमतेतली ४० टक्के हवा गळतीतच चाललीय. चांगल्या ठेवलेल्या लाईनमध्ये हे १० टक्क्यांच्या आत असतं. (व्हीएफडी, म्हणजे गरजेप्रमाणे मोटरचा वेग बदलणारा कॉम्प्रेसर असेल तर हा हिशोब असा लागत नाही, तिथे बंद मशिनांवर किती किलोवॅट घेतोय ते सरळ पॅनेलवर बघा.)

एक भोक किती खातं म्हणाल, तर ७ बारच्या लाईनला ३ मिलीमीटरचं एक भोक साधारण ३ किलोवॅट ओढतं. दोन शिफ्ट म्हणजे १६ तास, वर्षाचे ३०० दिवस, झाले १४,४०० युनिट. युनिट ९ रुपये धरलं तर १,२९,६०० रुपये. एका भोकाचे! आणि ते बुजवायला लागतो एक कपलिंग, एक क्लिप आणि मिस्तरीचा अर्धा तास. सुट्टीच्या शांततेत कान देऊन फिरा, जिथे सूं आवाज येतो तिथे साबणाचं पाणी लावा, फुगे आले की खडूने गोल करा. शिवाय प्रेशर गरजेपेक्षा जास्त ठेवलेलं असतं बऱ्याच ठिकाणी, कोणीतरी कधीतरी वाढवलं आणि मग कोणी कमी केलंच नाही. एक बार कमी केला तरी कॉम्प्रेसरची ६-७ टक्के वीज वाचते. ग्रिडच्या एका युनिटमागे आपल्या देशात साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड जातो, म्हणजे त्या एका भोकाने वर्षाला १० टन. बघा, एकाच क्लिपने पैसा पण वाचला आणि पर्यावरणाचा आकडा पण हातात आला, हाच आकडा उद्या कस्टमरच्या फॉर्ममध्ये भरायचाय.

लाईट बिल पण नीट वाचा. एचटी (उच्च दाब) कनेक्शनवाल्यांना महावितरणचं २०२० पासून केव्हीएएच वर बिलिंग आहे, म्हणजे पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतला खरा कामाचा भाग) खराब असेल तर वेगळा दंड शोधायची गरज नाही, युनिटच जास्त लागतात. १००० खरे युनिट वापरले आणि पॉवर फॅक्टर ०.९० असेल तर बिलात ११११ येतात, ०.९९ असेल तर १०१०. पॉवर फॅक्टर सुधारणारी कपॅसिटर बँक जळून पडलेली असते आणि कोणाला पत्ता नसतो.

आता स्क्रॅप. चटईवाले म्हणतात, लम्स आणि कटिंग आम्ही परत दळून वापरतो, आमचं काही वाया जात नाही. हे ऐकायला बरं वाटतं. पण महिन्याला ३० टन माल आणि ४ टक्के लम्स म्हणजे १२०० किलो माल तुम्ही दोनदा वितळवला, दोनदा मजुरी दिली, ग्राइंडरची वीज वेगळी, एक्स्ट्रूडरचे (प्लास्टिक वितळवून काढणाऱ्या मशीनचे) तेवढे तास गेले, आणि दोनदा तापलेल्या दाण्याची ताकद कमी होते ती वेगळी, मग चटईचा स्ट्रॉ (प्लास्टिकची काडी) तुटतो आणि लूम (विणायचं मशीन) थांबतो. लम्स कधी निघतात ते वहीत वेळेसकट लिहा. जवळपास नेहमी दिसेल की रंग बदलताना आणि लाईट जाऊन आल्यावर. मग रंगाचं शेड्यूल फिक्या रंगाकडून गडद रंगाकडे लावलं तरी बराच फरक पडतो, त्याला एक रुपया लागत नाही.

दाल मिलला हाच हिशोब उताऱ्यात बघा. साध्या मिलमध्ये तुरीचा डाळीचा उतारा ७०-७५ टक्के धरतात, दाण्यात मात्र त्यापेक्षा बरीच जास्त डाळ असते. मधला फरक चुनीत जातो, कणीत जातो आणि धुळीत उडतो. रोज १० टन तूर काढत असाल तर एक टक्का म्हणजे १०० किलो. डाळ आणि चुनी यांच्या भावात किलोमागे ६० रुपयांचा फरक धरला तर रोजचे ६,०००. धूळ पकडणाऱ्या सायक्लोनच्या खाली जे पोतं भरतं ते एकदा चाळून बघा, त्यात टरफलंच आहेत का डाळीचा भुगा पण आहे. शेजारचा प्लॉटवाला ज्या धुळीची तक्रार करतो तिच्यात तुमचीच डाळ असते.

तिसरं काम: पैलू रजिस्टर

नाव मोठं आहे, काम साधं. पैलू म्हणजे तुमच्या कामातली अशी गोष्ट जिचा पर्यावरणावर परिणाम होतो. प्लांटमध्ये गेटपासून मागच्या भिंतीपर्यंत चालत जायचं, प्रत्येक मशीनजवळ थांबायचं आणि विचारायचं, इथे काय लागतं, इथून काय बाहेर पडतं, आणि काही बिघडलं तर काय होईल. तिसरा प्रश्न महत्त्वाचा आहे कारण स्टँडर्डला नॉर्मल, अबनॉर्मल आणि इमर्जन्सी तिन्ही पाहिजेत. उदाहरण म्हणजे एक्स्ट्रूडर. नॉर्मलमध्ये वीज, बॅरलची गरमी, वितळतानाचा वास. अबनॉर्मल म्हणजे सुरू-बंद करतानाचे लम्स आणि जाळीच्या साफसफाईचा धूर. इमर्जन्सी म्हणजे हीटरचं शॉर्टसर्किट, आग, आणि आग विझवताना काळं पाणी नाल्यात जाणं, जे बहुतेकांच्या रजिस्टरमध्ये नसतंच.

मग मार्क द्यायचे. किती वेळा घडतं त्याला १ ते ५, परिणाम किती मोठा त्याला १ ते ५, गुणाकार. कायदा लागत असेल तर मार्क काही येवोत, तो पैलू महत्त्वाचा धरायचा. ही पद्धत स्टँडर्डने लादलेली नाही, तुम्ही तुमची ठरवू शकता, पण ठरवली की सगळीकडे तीच वापरा. मी तर सांगतो की अजून एक रकाना जोडा, 'वर्षाला किती रुपये'. स्टँडर्ड मागत नाही, पण शेठला हाच रकाना वाचायचा असतो आणि या रकान्यामुळेच पुढे बजेट निघतं.

आणि आपल्या भागाचं काही विसरू नका. एप्रिल-मे मध्ये जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा कूलिंग टॉवर धापा टाकतो, चिलर जास्त वीज खातो, कामगार चक्कर येऊन पडतात, भंगार प्लास्टिकच्या आणि कपाशीच्या ढिगाला एक ठिणगी पुरते. २०२४ ची जी भर म्हणालो ती हीच, हवामान बदल तुमच्या धंद्याला लागू मुद्दा आहे का हे ठरवा आणि लिहा. पुष्कळ जण तिथे 'लागू नाही' असं ठोकून देतात. नंदुरबारला पथारीवर मिरची वाळत पडलेली असताना अवकाळी पाऊस येतो तेव्हा काय होतं हे ज्याने पाहिलंय त्याने तरी 'लागू नाही' लिहू नये.

चौथं काम: कायद्याचं कॅलेंडर

हा भाग कंटाळवाणा आहे पण इथे एक चूक सगळ्या बचतीवर पाणी फिरवते. १९७४ चा पाणी कायदा, १९८१ चा हवा कायदा, १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा हे तीन मूळ, बाकी नियम त्यांच्याखाली. तुम्हाला काय लागतं ते एका पानावर तारखेसकट लिहा आणि ऑफिसच्या भिंतीला लावा.

पहिलं एमपीसीबीचं कन्सेंट. रेड, ऑरेंज, ग्रीन, व्हाईट यात तुमची कॅटेगरी कुठली, मुदत कधी संपते, आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्यात प्रॉडक्शन किती लिहिलंय. खूप युनिटचं कन्सेंट जुन्या प्रॉडक्शनवर असतं, नंतर दोन मशिनं वाढवली, माल दीडपट झाला, कागदावर तेच. पहिल्याच ऑडिटला हे निघतं. वाढ दाखवून कन्सेंट सुधारून घ्या, फी भांडवली गुंतवणुकीवर असते, ती द्या आणि शांत झोपा.

दुसरं, ३० सप्टेंबर. कन्सेंट असलेल्यांनी दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत मागच्या आर्थिक वर्षाचं पर्यावरण विवरण, म्हणजे फॉर्म ५, भरायचं असतं. त्यात मालाच्या युनिटमागे पाणी किती, कच्चा माल किती हेच विचारलेलं असतं. वर्षभर वही ठेवली असेल तर हा फॉर्म एका दुपारचं काम आहे, नसेल तर मग मागच्या वर्षीचेच आकडे थोडे इकडे तिकडे करून भरतात, आणि ते ओळखायला येतात.

तिसरं, घातक कचरा. आपल्याकडे कुठला घातक कचरा, असं म्हणणाऱ्याने गिअरबॉक्सचं जुनं तेल आठवावं. जुनं तेल आणि तेलाच्या चिंध्या दोन्ही २०१६ च्या घातक कचरा नियमांत येतात. झाकण असलेला ड्रम, त्यावर लेबल, खाली सिमेंटची जागा आणि कडेला गळती अडवणारा कठडा, साठवण ९० दिवसांच्या आत, विक्री फक्त ऑथराइज्ड रिसायकलरला, सोबत मॅनिफेस्ट (कचरा कुठून कुठे गेला याचा कागद), आणि वर्षाचं रिटर्न फॉर्म ४ मध्ये ३० जूनपर्यंत. भंगारवाला रोख देतो म्हणून त्याला ड्रम देऊ नका. पर्यावरण संरक्षण कायद्यात २०२३ च्या जनविश्वास कायद्याने बदल झाला, आता १०,००० पासून १५ लाखापर्यंत दंड होऊ शकतो. चार ड्रम तेलाच्या पैशासाठी हा धोका कोणी का घ्यावा.

बोअर असेल तर भूजलाच्या परवानगीचं बघा. केंद्राच्या २०२० च्या नियमावलीत रोज १० घनमीटरच्या आत उपसा असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांना एनओसीतून सूट आहे, पण १० च्या आत आहे हे दाखवायला मीटर पाहिजे ना. बॅटऱ्या, जुने कॉम्प्युटर, जनरेटरचा आवाज, हे पण त्या पानावर एकेका ओळीत घ्या.

जुनं प्लास्टिक वापरणाऱ्यांसाठी इथे कमाईचा मुद्दा आहे. २०२२ पासून प्लास्टिक पॅकेजिंगवर ईपीआर लागलं, म्हणजे पॅकेजिंग बाजारात आणणाऱ्या कंपन्यांना तेवढं प्लास्टिक रिसायकल झाल्याचा पुरावा लागतो, आणि तो पुरावा पोर्टलवर रजिस्टर्ड रिसायकलरच्या सर्टिफिकेटमधून मिळतो. तुम्ही पॅकेजिंगचं भंगार दळून दाणा करत असाल आणि रजिस्टर्ड असाल तर ते क्रेडिट विकता येतं. पण अट एकच, आत आलेल्या आणि बाहेर गेलेल्या प्रत्येक किलोची नोंद आणि बिल पाहिजे. खोटे आकडे टाकू नका, या पोर्टलवर बनावट सर्टिफिकेट पकडून कारवाया झाल्या आहेत.

पाचवं काम: तीनच उद्दिष्टं

दहा लिहिली की एक पण होत नाही. तीन घ्या, आणि वहीतूनच घ्या. उदाहरणार्थ, हवेची गळती ४० वरून १५ टक्क्यांवर सहा महिन्यात, जबाबदारी मिस्तरीची, खर्च इतका. लम्स ४ वरून अडीच टक्क्यांवर. बॅरलला इन्सुलेशन जॅकेट लावून टनामागचे युनिट इतके कमी. या जॅकेटचं आपल्याकडे वेगळंच महत्त्व आहे, मे महिन्यात उघड्या बॅरलची गरमी त्याच शेडमध्ये सुटते जिथे माणूस आधीच ४५ डिग्रीत उभा असतो, जॅकेट लावलं की वीज पण वाचते आणि ऑपरेटर पण टिकतो. 'पर्यावरणाचे रक्षण करणे' असलं उद्दिष्ट लिहू नका. झाडं लावा, जरूर लावा, पण एमआयडीसीत पावसाळ्यात लावलेली आणि उन्हाळ्यात जळालेली झाडं म्हणजे उद्दिष्ट पूर्ण झालं असं नाही.

सहावं काम: शॉपफ्लोअरवर उतरवणं

इथे लांबण लावत नाही. प्रत्येक महत्त्वाच्या मशीनजवळ पाच-सहा ओळींची सूचना, मराठी आणि हिंदीत, फोटोसकट. तेल सांडलं तर भुसा किंवा वाळू कुठे ठेवलीय. सुट्टी झाली की कोणता मेन व्हॉल्व कोण बंद करणार, नावासकट. ट्रेनिंग म्हणजे सगळ्यांना खुर्च्यांवर बसवून पीपीटी नाही, शिफ्ट बदलताना मशीनजवळ दहा मिनिटं, आणि रजिस्टरवर सही. आगीची मॉक ड्रिल वर्षातून एकदा तरी, आणि ती मार्चमध्ये घ्या, दिवाळीत नाही. भंगारवाले, टँकरवाले, ट्रान्सपोर्टवाले यांना पण तुमचे नियम सांगा, कारण तुमच्या गेटबाहेर तुमचा कचरा कुठल्या नाल्यात पडतो हा पण तुमचाच विषय आहे.

सातवं काम: आतलं ऑडिट आणि शेठची मीटिंग

दर महिन्याला एकच पान: टनामागे वीज, टनामागे पाणी, लम्स टक्के, हवेची गळती, कायद्याच्या तारखा. पाच आकडे, बस. ते नोटीस बोर्डावर लावा, कामगार वाचतात, आणि कोणत्या शिफ्टचे लम्स जास्त यावरून त्यांच्यात चेष्टा पण चालते, त्याचा उपयोग होतो.

अंतर्गत ऑडिट करताना एक नियम पाळा, आपलं काम आपणच तपासायचं नाही. स्टोअरवाल्याने प्लांट बघावा, प्लांटवाल्याने स्टोअर. ओळखीतल्या दोन युनिटनी एकमेकांची तपासणी केली तर अजून उत्तम, फुकटात बाहेरची नजर मिळते. काही सापडलं तर 'समज देण्यात आली' असं लिहून विषय संपवू नका, का झालं ते लिहा. ड्रम उघडा होता, का, तर झाकण हरवलं, का, तर ड्रम भंगारातूनच आणले होते. आता दुरुस्ती कुठे करायची ते दिसलं.

व्यवस्थापन आढावा म्हणजे शेठ, प्लांटचा माणूस, अकाउंटंट तासभर बसून हे बघणार. अकाउंटंट पाहिजेच, कारण वाचलेले पैसे त्याच्या वहीत दिसले नाहीत तर ते वाचलेच नाहीत.

आता सर्टिफिकेट

सिस्टीम तीन-चार महिने खरोखर चालली, एक अंतर्गत ऑडिट आणि एक आढावा झाला की मग बाहेरच्यांना बोलवा. ऑडिट दोन टप्प्यांत होतं. स्टेज १ मध्ये कागद आणि तयारी, स्टेज २ मध्ये प्रत्यक्ष काम. सर्टिफिकेट तीन वर्षांचं, मध्ये दरवर्षी सर्व्हेलन्स, म्हणजे छोटी तपासणी. ऑडिटचे दिवस माणसं किती आणि पर्यावरणाचा धोका किती यावर ठरतात, म्हणून 'एका दिवसात सगळं, कुठूनही, ऑनलाइन' असं कोणी म्हणालं की समजून जा.

सर्टिफिकेट देणारी संस्था मान्यताप्राप्त आहे का बघा, आपल्या देशात ही मान्यता एनएबीसीबी देतं, ते क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाच्या अंतर्गत आहे. परदेशी मान्यता असेल तर ती आंतरराष्ट्रीय परस्पर मान्यतेच्या यादीत बसते का ते तपासा. जी संस्था सर्टिफिकेट देते तिनेच कन्सल्टिंग पण करायचं, हे नियमात बसत नाही. स्वस्तातला बिनमान्यतेचा कागद मोठा कस्टमर दोन मिनिटात ऑनलाइन तपासतो आणि बाजूला टाकतो, मग परत पहिल्यापासून खर्च.

आयएसओ लगेच झेपत नसेल तर केंद्राची झेड योजना बघा, झिरो डिफेक्ट झिरो इफेक्ट. उद्यम नोंदणी असली की ब्रॉंझ, सिल्व्हर, गोल्ड अशा पायऱ्या आहेत. २०२२ च्या योजनेत सर्टिफिकेशनच्या खर्चावर सूक्ष्म उद्योगाला ८०, लघुला ६०, मध्यमला ५० टक्के सबसिडी ठेवलेली होती, महिला उद्योजकांना त्याहून जास्त सवलत. आता काय चालू आहे ते जिल्हा उद्योग केंद्रात विचारा. बऱ्याच छोट्या युनिटना आधी झेड ब्रॉंझ आणि मग आयएसओ हाच रस्ता बरा पडतो.

याचे पैसे बाहेरून कसे येतात

मोठ्या कंपन्यांना आता स्वतःचा हिशोब द्यावा लागतो. सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० लिस्टेड कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर रिपोर्ट सक्तीचा केला, त्यात वीज, पाणी, कचरा, कार्बन सगळं येतं, आणि हे प्रश्न हळूहळू सप्लायरकडे सरकतात. ज्या पाइपवाल्याला, चटईवाल्याला, डाळवाल्याला 'तुमच्या मालाच्या टनामागे किती युनिट' याचं उत्तर त्याच दिवशी मेलवर देता येतं त्याच्याशी पुढचं बोलणं होतं. रेट दोन पैशांनी जास्त असला तरी होतं, असं मी म्हणणार नाही, रेट शेवटी रेटच असतो, पण दाराच्या आत तरी घेतात.

बँकेत ऊर्जा बचतीच्या मशिनरीसाठी कर्ज मागायला जाल तेव्हा बारा महिन्यांचे मोजलेले आकडे सोबत न्या, नवीन आयई३ (कमी वीज खाणारी) मोटर किंवा व्हीएफडी किती महिन्यात वसूल होईल हे तुमच्याच वहीतून काढून दाखवा. इन्शुरन्सचा प्रीमियम मात्र आपोआप कमी होईल असं कोणी सांगितलं तर लगेच विश्वास ठेवू नका, पण आग लागल्यावर क्लेमच्या वेळी ड्रिलच्या नोंदी, वायरिंगची तपासणी, भंगार साठ्याची मर्यादा हे कागद हातात असले की बोलायला तोंड राहतं.

जिथे फायदा निघत नाही ते पण सांगतो. दोन-चार माणसांचं पॅकिंग युनिट, वीज पाच-सात हजारांची, कस्टमर कोणी विचारत नाही, अशांनी सर्टिफिकेटवर खर्च करू नये. त्यांनी वही ठेवावी, कायद्याचं पान भिंतीला लावावं, झालं. आणि ज्यांना करायचंय त्यांनी सुरुवात उद्या जेवणाच्या सुट्टीत कॉम्प्रेसरजवळ उभं राहून करावी, लोड किती सेकंद आणि अनलोड किती सेकंद ते लिहून आणा, मग कन्सल्टंटला फोन करा. तो रेट सांगायच्या आधी तुम्हीच त्याला गळती किती टक्के आहे ते सांगा.